एटीव्हीवरून धनुष्य आणि क्रॉसबो कसे न्यावेत: नॉर्थवुड्समधल्या एका नव्या शिकाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीन बेला राहणाऱ्या एका मराठी वाचकाने जुनी एटीव्ही, म्हणजे रानवाटेवर चालणारी उघडी चारचाकी, घेतली आहे. उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलपट्ट्यात, नॉर्थवुड्समध्ये, मित्राची केबिन आहे आणि तिथून मचाणापर्यंत दीड-दोन मैलांचा कच्चा रस्ता. त्यांच्याकडे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य आहे, मेव्हण्याकडे क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य. ते विचारतात: दोन्ही पुढच्या रॅकवर हूकच्या इलॅस्टिक दोऱ्यांनी बांधून नेले तर चालतील का? क्रॉसबो केबिनवरच ताणून घेतला तर जंगलातला आवाज आणि कष्ट वाचतील, हे बरोबर का? आणि मेव्हण्याला मागे बसवून नेता येईल का?

आधी क्रॉसबोचं सांगतो, कारण धोका तिथे आहे. ताणलेला क्रॉसबो एटीव्हीवर चढवू नका. बोल्ट, म्हणजे क्रॉसबोचा आखूड बाण, लावलेला नसला तरी नको, सेफ्टी लावलेली असली तरी नको, केसमध्ये बंद असला तरी नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. विस्कॉन्सिनचा कायदा माझ्याइतका कडक नाही. वाहनातून किंवा वाहनावरून नेताना धनुष्याला बाण लावलेला नसावा, आणि क्रॉसबो एकतर ताणलेला नसावा किंवा बोल्ट काढून केसमध्ये बंद केलेला असावा, एवढंच कायदा म्हणतो. एटीव्हीलाही हाच नियम. म्हणजे ताणलेला, रिकामा, केसमध्ये बंद क्रॉसबो नेला तर वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, दंड करणार नाही. पण हा नियम लिहिताना डोळ्यांसमोर बोल्ट सुटून कुणाला लागण्याचा धोका आहे. क्रॉसबो स्वतःच फुटला तर काय, हा विचार आपल्यालाच करायचा असतो.

आजच्या क्रॉसबोचं ताणवजन दीडशे ते दोनशे पाउंडांच्या आसपास असतं, काहींचं त्याहून जास्त. ७० ते ९० किलोंचा ओढा एका लहानशा पोलादी खाचेवर धरून ठेवलेला असतो. दुकानाच्या टेबलावर ती खाच उत्तम काम करते. पण दोन मैल खडक, मुळं आणि चाकोऱ्यांवरून आदळत नेलं, आत बारीक वाळू किंवा गोठलेलं पाणी शिरलं, की ती खाच पूर्ण बसली आहे की अर्धवट, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. बोल्ट नसताना दोरी सुटली तर जी ताकद बोल्टला मिळायची ती सगळी लिम्ब, कॅम आणि दोरीवर उलटते. कॅम म्हणजे टोकांची चाकं, लिम्ब म्हणजे वाकणाऱ्या पट्ट्या. त्या चिरतात, कधी तुकडे उडतात. आणि हे होतं कधी? माणूस केस उघडून वाकून आत बघत असतो, किंवा उतरवताना बोटं रेलच्या, म्हणजे बोल्ट सरकतो त्या पट्टीच्या, वर असतात, तेव्हा. बऱ्याच क्रॉसबोंत रिकामा सुटू नये म्हणून वेगळा अटकाव असतो. चांगली सोय आहे, पण तीही त्याच धुळीत आणि त्याच चिखलात बसलेली असते.

आवाजाची तुमची काळजी रास्त आहे. पण हिशेब असा करा: एटीव्ही तुम्ही मचाणाखाली उभी करणार नाहीच. किमान पाव मैल अलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी कराल. तिथपर्यंत इंजिनाचा आवाज झालेलाच असतो. तिथेच, गाडीशेजारी, जमिनीवर उभं राहून क्रॉसबो ताणा. दोरीच्या कॉकरने, म्हणजे ताणायच्या साध्या साधनाने, ओढा निम्मा होतो, हँडलचा क्रँक असेल तर लहान मुलालाही जमेल इतका हलका. मग सेफ्टी लावून, बोल्ट न चढवता, तोंड जमिनीकडे ठेवून चालत जा. मचाणावर आधी तुम्ही चढा, सुरक्षा पट्टा अडकवा, मग क्रॉसबो दोरीने वर ओढा. बोल्ट चढवायचा तो वर बसल्यावर.

परतताना उलटी गोष्ट, आणि नेमकी इथे लोक चुकतात. दिवसभर काही दिसलं नाही, अंधार पडला, थंडीने बोटं बधिर झाली, आणि क्रॉसबो अजून ताणलेलाच. असाच केसमध्ये टाकू, केबिनवर बघू, असं वाटतं. म्हणून एटीव्हीच्या मागच्या पेटीत एक लहान टार्गेट बॅग आणि साध्या बोथट टोकाचा एक जाड बोल्ट कायम ठेवा. गाडीपाशी या, बोल्ट चढवा, टार्गेटमध्ये सोडा, क्रॉसबो मोकळा झाला. काही नव्या मॉडेलांत क्रँकनेच दोरी हळूहळू पुढे सोडता येते. पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा. ज्या क्रॉसबोत ती सोय नाही त्याची दोरी हाताने धरून पुढे सोडायचा प्रयत्न करू नका. मेव्हण्यांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.

केस विकत घेताना एक खोच लक्षात ठेवा. नव्या अरुंद क्रॉसबोंची रुंदी ताणल्यावर आणखी कमी होते. रॅविन हे इथलंच, सुपीरिअर गावात बनणारं नाव. त्यांच्या आर-१० ची रुंदी ताणल्यावर ६ इंच आणि मोकळा असताना साडेदहा. लोक दुकानात ताणलेल्या मापाची केस घेतात आणि मग क्रॉसबो तिच्यात बसावा म्हणून ताणलेलाच ठेवतात. केस मोकळ्या मापावर घ्या.

विस्कॉन्सिनमध्ये क्रॉसबोचा हंगाम सर्वांना खुला झाला २०१४ पासून. धनुष्यासाठी वेगळा हरणांचा हंगाम मात्र १९३४ पासून आहे. त्यामुळे धनुष्य कसं वागवायचं हे इथल्या घरांत आजोबांकडून नातवाकडे येतं, क्रॉसबोचं तसं अजून झालेलं नाही. आपल्या लोकांचं तर दोन्ही बाबतींत कोरंच असतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला जागा उरली नाही, आणि ते योग्यच झालं. पण इथे येऊन परवाना काढणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवणारा काका किंवा मामा नसतो. म्हणून उत्तर लांबवतो आहे.

आता तुमच्या कंपाउंडकडे. ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारच्या धनुष्यावर. ते खेळाडू धनुष्य कसं हाताळतात ते कधी नीट बघा: पेटीतून काढणं, स्टँडवर ठेवणं, परत पेटीत. उगाच कुठे टेकवणं नाही. शिकारीचं धनुष्य थोडं दणकट असतं, पण यंत्र तेच: दोन कॅम, एक दोरी, दोन केबल, आणि मिलिमीटरच्या अंशावर लावलेली साइट, म्हणजे नेम धरायची खूण.

पुढच्या रॅकवर इलॅस्टिक दोऱ्यांनी बांधायचं नाही. कारणं तीन, आणि पडण्याची भीती त्यात सर्वांत शेवटी येते.

पहिलं कारण कंपन. इलॅस्टिक दोरी धनुष्याला घट्ट धरत नाही, नाचवते. प्रत्येक आदळ्याला धनुष्य रॅकच्या नळीवर उठून बसतं. दोन मैलांत दिसण्यासारखं काही होत नाही. हंगामभरात साइटचे स्क्रू, रेस्टचे (बाण टेकतो त्या भागाचे) स्क्रू, भात्याची पकड, सगळं कणाकणाने सैल होतं. दुकानात माझ्या टेबलावर येणाऱ्या "अचानक डावीकडे मारायला लागलं" या तक्रारींपैकी कितीतरी अशाच असतात. उपाय स्वस्त आहे. धनुष्य नीट जुळवून झालं की साइट आणि रेस्टच्या प्रत्येक सांध्यावर पांढऱ्या पेंट-पेनने एक बारीक रेघ मारा, अर्धी या भागावर, अर्धी त्या भागावर. गाडीवरून उतरल्यावर हेडलॅम्पच्या उजेडात रेघेवर नजर टाका. रेघ केसभर जरी तुटलेली दिसली तरी त्या दिवशी बाण सोडायचा नाही. आधी टार्गेटवर तपासायचं. स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावा. लाल नको, ते मग गरम केल्याशिवाय सुटत नाही. रोज हलवायच्या खुंट्यांना काहीच नको.

दुसरं कारण धूळ. ऑक्टोबरमधला कोरडा वालुकामय रस्ता आणि पुढची एटीव्ही दहा मीटरवर, म्हणजे धुळीचा पडदाच. दोरीला मेण लावलेलं असतं, मेणावर वाळू चिकटते, आणि केबल रोलरवरून फिरताना ती वाळू पॉलिश पेपरसारखी धागे कापते. क्रॉसबोच्या रेलवरच्या तेलाचंही तेच. म्हणून ज्या दिवशी एटीव्हीने जायचं त्या दिवशी सकाळी नवं मेण किंवा रेल-तेल थापू नका. आदल्या संध्याकाळी लावा, बोटांनी मुरवा, वरचं पुसून काढा.

तिसरं कारण फांद्या. पुढच्या रॅकवर आडवं ठेवलेलं धनुष्य हँडलच्या रुंदीपर्यंत जातं. बाल्समची एक फांदी दोरीत अडकली की कॅमवरून दोरी उतरते. ती रानात परत चढत नाही, त्याला प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून धरणारं यंत्र, लागतो. शिकार तिथेच संपली.

म्हणजे केस हवीच. सॉफ्ट की हार्ड? दुकानात ऐकता तितका हा मोठा वाद नाही. एटीव्हीवर माझं मत हार्ड केसला आहे, कारण सॉफ्ट केस धुळीपासून वाचवते, दाबापासून नाही, आणि मागच्या रॅकवर परतीच्या वाटेवर काय काय चढतं ते आधी सांगता येत नाही. मात्र हार्ड केसमधला फोम खरखरीत आणि उथळ असेल तर त्यात धनुष्य आपटत राहतं. झाकण लावून केस हळूच हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर जुन्या टॉवेलची घडी घाला. सॉफ्ट केस आधीच घेतली असेल तर टाकू नका. ती रॅकवर न ठेवता मागच्या कडक प्लॅस्टिक पेटीत उभी ठेवा, काम होईल.

भार कुठे टेकतो, हे केसपेक्षाही महत्त्वाचं. धनुष्याचं वजन रायझरवर, म्हणजे मुठीच्या धातूच्या भागावर टेकलं पाहिजे. आतला पट्टाही तिथेच. लिम्बवरून पट्टा नको, दोरी आणि केबलवर तर काहीच टेकायला नको. वेल्क्रोची खरखरीत बाजू दोरीला घासत राहिली तर एका फेरीत धाग्यांचा फुलोरा दिसायला लागतो. क्रॉसबोचं वजन रेल आणि दस्त्यावर. लिम्बच्या टोकांना मोकळी हवा. बाहेरून केस बांधताना मात्र रॅचेटचे दोन पट्टे, एक इकडे एक तिकडे, आणि हाताने ओढून गाडी हलेपर्यंत घट्ट. पट्ट्याचं लोंबतं टोक गुंडाळून खोचा. ते चाकात जातं.

यू आकाराचे रबरी चिमटे मिळतात, हँडलवर किंवा रॅकवर बसवायचे. मुळात ते बंदुकीसाठी आहेत. विस्कॉन्सिनमध्ये बाण न लावलेलं धनुष्य त्यात उघडं नेणं कायद्यात बसतं. खाजगी जमिनीवर, मोकळ्या शेताच्या कडेने, चालण्याच्या वेगाने जायचं असेल तर मी हरकत घेणार नाही, पण चिमटा रायझरलाच धरायला हवा. चिमट्याने लिम्ब धरलेलं धनुष्य माझ्याकडे आलं की मी पहिल्यांदा कापसाचा बोळा काढतो. लिम्बवरून तो हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी फिरवायचा. कापूस सुळकन जातो तिथे ठीक. एखादा तंतू जरी अडकून राहिला तरी तिथे काच-तंतूचा बारीक कुसळ उठला आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. असं धनुष्य ताणायचं नाही. लिम्ब बदलून घ्यायचे. हा बोळा तुमच्याही खिशात असू द्या, वजन काहीच नाही.

आता केस पुढे की मागे. बहुतेक एटीव्हींचा सायलेन्सर मागच्या रॅकखाली असतो. लांबच्या चढावर ती जागा चांगलीच तापते. उष्णतेने दोरीचं मेण वितळतं, बाणांची टोकं चिकटवलेला हॉट-मेल्ट गोंद सुटतो, आणि ताणाखाली असलेल्या लिम्बना उष्णता मुळीच मानवत नाही. केस मागे ठेवायची असेल तर रॅक आणि केस यांत पाट्या ठोकून दोन-तीन बोटांची फट ठेवा. पुढे ठेवायची असेल तर ती दिव्यांवर येत नाही ना आणि हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळतं ना, हे उभ्या गाडीवर आधी बघा. मी जाताना मागे ठेवतो, हरीण घेऊन परतताना पुढे. मोठा नर आतडी काढल्यावरही ६०-७० किलो भरतो. तो मागच्या रॅकवर आला की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर गाडी मागे उलटू शकते. पुढची केस तेवढाच तोल देते. रॅकवर किती वजन चालतं हे गाडीवरच्या स्टिकरवर असतं. पुढचा आकडा मागच्यापेक्षा कमी असतो.

बाण आणि बोल्ट धनुष्याला लावलेल्या भात्यात ठेवून न्यायचे नाहीत. भाता काढा, ब्रॉडहेड्स वेगळ्या कडक डबीत, बाण केसमधल्या खाचांत किंवा नळीत. ब्रॉडहेड म्हणजे वस्तऱ्याची पाती. गाडी कलंडली तर ती कुठे असतील याचा विचार करा. भात्याच्या टोपीतला फोम दोन हंगामांत भुसभुशीत होतो, त्यात पाती धरून राहत नाहीत. कार्बनच्या बाणांना आदळून आतल्या आत चीर जाते. उतरल्यावर प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलका वाकवा, फिरवून पुन्हा वाकवा, कान जवळ ठेवा. करकर ऐकू आली तर तो बाण मोडून टाका. असा बाण सोडताना फुटला तर तुकडे पुढच्या हातात घुसतात.

धनुष्य किंवा क्रॉसबो पाठीवर अडकवून एटीव्ही चालवणारे पुष्कळ दिसतात, जाहिरातींतही दिसतात. नको. एटीव्हीवर माणसाला वळणावर अंग टाकावं लागतं, प्रसंगी उडी मारून बाजूला व्हावं लागतं. पाठीवर तीन-चार किलोंचं लोखंड-कार्बन असेल तर दोन्ही जमत नाही, आणि पडलात तर कणा त्याच्यावरच येतो.

थंडीबद्दल थोडं. नोव्हेंबरमध्ये उबदार केबिनमधून काढलेली केस बाहेर उघडली की फार बिघडत नाही. उलट दिशेने बिघडतं. गोठलेला क्रॉसबो आत आणून लगेच उघडला की दुर्बिणीवर आणि ट्रिगरच्या पोकळीत दव धरतं, आणि पहाटे बाहेर नेल्यावर त्याचाच बर्फ होतो. केस बंदच ठेवून तासभर आतल्या हवेला येऊ द्या, मग उघडून पुसा. किंवा सरळ थंड पडवीत, कुलपात ठेवा.

वासाचं लोक फार बोलतात. एवढंच करा: पेट्रोल भरताना वापरलेले हातमोजे धनुष्याला लावू नका, चालवायचे मोजे वेगळे ठेवा. बाकी वाऱ्याची दिशा.

रस्त्याबद्दल एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, पण विचारायला हवी होती. ती वाट कुणाच्या जमिनीवरून जाते? शेक्वॅमेगॉन-निकोले राष्ट्रीय जंगलात असेल तर वनखात्याच्या वाहन-नकाशावर दाखवलेल्या वाटांवरच एटीव्ही चालते. नकाशावर नाही ती वाट बंद, फलक असो वा नसो. काउंटीच्या जंगलांचे नियम काउंटीगणिक वेगळे. १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सार्वजनिक वाटांवर चालवायला एटीव्ही सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, तसंच १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतरच्या जन्माला शिकारीच्या परवान्यासाठी हंटर एज्युकेशन, म्हणजे शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम. आणि गाडीवर बसून, इंजिन बंद असलं तरी, बाण सोडायचा नाही. अपंग शिकाऱ्यांना खास परवान्यावर उभ्या वाहनातून मुभा मिळते, ती त्यांच्यासाठीच. गाडीमुळे प्राण्याला पळायची संधी हिरावली जाऊ नये हा इथल्या शिकारीचा पाया आहे, आणि मला तो कायद्याइतकाच मोठा वाटतो.

मित्राची केबिन व्हिलास किंवा आयर्न काउंटीच्या वरच्या अंगाला असेल तर मिशिगनची हद्द हाकेच्या अंतरावर. तिकडे नियम बदलतो. मिशिगनमध्ये एटीव्हीसारख्या वाहनावर धनुष्य एकतर दोरी उतरवलेलं किंवा केसमध्ये बंदच हवं. कंपाउंडची दोरी प्रेसशिवाय उतरत नाही, म्हणजे केसच. शिवाय १५ ते ३० नोव्हेंबरच्या बंदुकीच्या हंगामात सार्वजनिक शिकारीच्या जमिनीवर सकाळी ७ ते ११ आणि दुपारी २ ते ५ अशी वाहनं चालवायला बंदी असते. मारलेलं हरीण आणणं यासारखे मोजकेच अपवाद. दर वर्षी दोन्ही राज्यांची नियमपुस्तिका नव्याने वाचा. फुकट मिळते, फोनवरही उघडते.

राहिला मेव्हण्यांचा प्रश्न. गाडी एकट्यासाठी बनवलेली असेल, म्हणजे मागे वेगळी सीट, पाठ आणि पाय ठेवायची पायरी नसेल, तर दुसरा माणूस बसवू नका. रॅकवर तर मुळीच नाही. चालवणाऱ्याच्या अंगाची हालचाल हा त्या गाडीच्या तोलाचा भाग आहे आणि मागचा माणूस ती अडवतो. दोन फेऱ्या मारा, पहाटे पाऊण तास लवकर उठा. किंवा दोन्ही केस आणि डबा एटीव्हीवर चढवून तुम्ही हळू पुढे जा, आणि मेव्हणे टॉर्च घेऊन चालत येऊ देत. दोन मैलांना पाऊण तास लागतो. दरवर्षीच दोघं जाणार असाल तर ही एटीव्ही विकून शेजारी-शेजारी सीट आणि मागे हौदा असलेली यूटीव्ही बघा. तिच्या हौद्यात दोन्ही केस सपाट बसतात, वर काही रचावं लागत नाही.